हेंडग्यामागचं पाणी

साईनंदन कॉलनीतली शिकलीसवरली माणसं दर रविवारी सकाळी काट्यांची सेवा करतात, हे अण्णारावांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि सुनेला, उज्वलाला, तांब्याभर पाणी घेऊन धावावं लागलं.

“अगं, कुपाटी हाय ती,” ठसका ओसरल्यावर ते म्हणाले. “कुपाटी आपल्याला सांभाळती. तिला कुणी सांभाळतंय व्हय?”

हसायचा हक्क त्यांना होता. लातूरहून औसा रस्त्यानं निघालं की शहर संपता संपता ही कॉलनी लागते, आणि ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन अण्णारावांची. म्हणजे होती. शहर दाराशी आलं, भाऊबंदांनी आपापले हिस्से विकले, चहूबाजूंनी प्लॉट पडले. मधेच एकट्यानं ज्वारी पेरून राखण तरी कुणाकुणापासून करायची, म्हणून अण्णारावांनीही एक दिवस सही करून टाकली आणि राहायला तिथलाच एक प्लॉट ठेवला. शेत गेलं. राहिली ती फक्त दक्षिणेकडची कुपाटी, दोन गावांच्या शिवेवरचं काटेरी कुंपण. कधीकाळी कुणा पूर्वजानं ढोरं आत शिरू नयेत म्हणून बाभळीच्या वाळक्या फांद्या रचल्या असतील. त्यांवर पाखरं बसली, बोरं खाऊन बिया टाकून गेली. मग हिवर आला, हेकळ आली, चिल्हार वर चढली, आणि सागरगोट्यानं सगळ्यांनाच मिठी मारली. लावली अशी ती कुणीच नाही, पण अण्णारावांच्या आजोबांनाही ती म्हातारीच आठवत होती. बैलगाडी आडवी मावेल एवढी तिची रुंदी होती आणि आत भर दुपारी अंधार असायचा.

या कुपाटीतून प्लास्टिक उपसणाऱ्या मंडळींच्या म्होरक्या होत्या चंद्रप्रभाबाई. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त झालोय हे अजून मनावर न घेतलेल्या. त्यांच्यासोबत वीज मंडळातले जुने रेणुकादास. त्यांना कमरेत वाकता येत नसे, म्हणून बांबूला आकडा बांधून ते गुटख्याच्या पुड्या अशा ऐटीत ओढून काढत, जणू विहिरीतून पोहरा शेंदतायत. आणखी पाच-सहा घरची माणसं आलटून पालटून यायची. सगळ्यांचे हात ओरबाडलेले. अण्णाराव फाटकाशी उभे राहून तोंडाला पदर नसल्यामुळे मिशीआड हसायचे.

एका रविवारी बाईंनीच हाक मारली. “अण्णा, लांबून मजा बघू नका. इकडं या, तुम्हाला एक जण दाखवते.”

हिवराच्या फांदीवर तो बसला होता. हिरवागार, पानासारखाच, डोळे दोन दिशांना फिरवणारा घोयरा सरडा. अण्णारावांनी लहानपणी असले सरडे दगड मारून पाडले होते, कारण तो दिसला की अपशकुन, असं सगळेच म्हणायचे. एवढ्या जवळून तो त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यानं एक पाय उचलला, तो पुढं टाकावा की मागं घ्यावा याचा विचार करत हवेतच धरला, आणि तसाच डुलत राहिला.

“आन् पळत का न्हाई हा?” अण्णारावांनी हळूच विचारलं.

“याला पळताच येत नाही. एक पाऊल टाकायचं ठरवण्यातच याची सकाळ जाते.”

“मग जगतो कसा?”

“या कुपाटीच्या जिवावर,” बाई म्हणाल्या.

अण्णाराव त्या दिवशी घरी गेले ते कोयता शोधायलाच. पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी हजर होते. कुपाटीत कुठं खिंडार पडलंय, कुठून डुकरं शिरतात, कुठं मुंगसाची वाट आहे, हे बघत ते फिरू लागले. रेणुकादास त्यांना पाखरांची नावं सांगायचे आणि ते रेणुकादासांना झाडांची. दोघांची भांडणंही व्हायची, कारण एकाच झुडपाला दोघांकडे दोन नावं असायची. लक्ष्मम्मा, त्यांची बायको, शेत विकल्यावर वर्षभरातच गेली होती. तेव्हापासून अण्णाराव घरात असून नसल्यासारखे झाले होते. ते आता पुन्हा माणसात आले, हे उज्वलाला दिसत होतं. तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बातमी आली की कुपाटी काढून तिथून रस्ता आणि मोठी नाली नेणार आहेत. बाईंनी अर्ज दिले, फेऱ्या मारल्या, रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांना कुपाटीचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले, “मॅडम, चार लोकांच्या हौसेसाठी रस्ता थांबत नसतो. कॉलनीला हवं असेल तर तसं दिसू द्या. मी पौषात जागा बघायला येतो.”

तसं दिसणं, हीच तर अडचण होती. निम्म्या कॉलनीला कुपाटी म्हणजे सापाचं घर वाटे आणि उरलेल्या निम्म्यांना ती दिसतच नसे.  दोन दिवसांनी बाई अण्णारावांच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, यंदाची येळवस आपण कुपाटीपाशी करू या का? सगळ्या कॉलनीला जेवायला बोलावू.”

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते सुने, आणि सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडवांचे दगड मांडून पुजायचे, भज्जी, आंबील, उंडे, सगळ्यांनी मिळून खायचं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवायचं. ज्याचं शेत तो त्या दिवसाचा राजा. आणि अण्णाराव शेत विकल्यापासून दर येळवसला मुखेडला जात होते, लेकीच्या सासरी, जावयाच्या कोपीत पाहुणा म्हणून. जावई माणूस चांगला, पहिलं ताट त्यांनाच द्यायचा. पण दुसऱ्याच्या कोपीतला घास त्यांच्या घशाखाली नीट उतरला नव्हता, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“करू की,” ते म्हणाले.  “कोप मी बांधतो. पांडव अजून तितंच हायेत, बोरीखाली.”

बाई निघता निघता थांबल्या. “एकच सांगते. संध्याकाळचा हेंडगा तेवढा नको. गवत वाळून कोरडं ठाक झालंय.”

हेंडगा म्हणजे कडब्याची पेटती पेंढी. दिवस मावळताना ती घेऊन शेताला फेरी घालायची, की येळवस पुरी झाली. अण्णारावांनी चाळीसेक वर्षं हेंडगा धरला होता. पुढं ते, आणि त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे मागं पाण्याचं बिंदगं घेतलेली लक्ष्मम्मा. हेंडगा धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता होता.

“न्हाई, न्हाई. आता कशाचा हेंडगा,” अण्णाराव म्हणाले. तोंडानं म्हणाले.

येळवसला आख्खी कॉलनी लोटली. ज्यांना कुपाटी दिसत नव्हती तेही आले, कारण शेत नसलेल्या माणसाला त्या दिवशी लातुरात दुसरीकडं जायला जागा नसते. कोप अशी सुबक झाली होती की लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. बाई पोरांना सुगरणीची घरटी दाखवत फिरत होत्या. नाक मुरडणाऱ्या बायका बोरं वेचून ओच्यात भरत होत्या. उज्वला वाढून वाढून थकली, पण तिच्या सासऱ्यांकडं बघताना तिला थकवा जाणवत नव्हता. अण्णाराव कोपीच्या तोंडाशी पटका बांधून उभे होते आणि रस्त्यावरच्या मोटारसायकली अडवत होते.

“या, या. असं कसं जाता? माझ्या शेतातून उपाशी जाता व्हय?”

माझ्या शेतातून, असं ते दिवसभर म्हणत राहिले. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

दिवस कलला. लोक भांडी आवरू लागले. बाई रेणुकादासांना म्हणाल्या, “आता साहेबांनी खुशाल यावं.” आणि अण्णाराव कोपीत शिरले. आत, पांडवांच्या मागं, त्यांनी सकाळीच एक पेंढी लपवून ठेवली होती. लहानशीच. पेटवणारच असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं, पण ठेवताना कुणी बघत नाही ना, हे मात्र बघून घेतलं होतं. एवढा भरला दिवस फेरीवाचून संपवायचा, हे त्यांच्या जिवाला सोसेना. शेत घरांखाली गेलं असलं तरी एक बाजू अजून शिल्लक होती. तेवढीच फिरून यायचं, कुणाला कळायच्या आत.

त्यांनी पेंढी पेटवली आणि कोपीच्या मागल्या अंगानं कुपाटीच्या कडेकडेनं निघाले. तोंडानं जुना गजर सुरू झाला. पावलं आपोआप पडू लागली. वारा समोरून येत होता. चाळीस वर्षांत कधी बघितलं नाही तसं त्यांनी आताही मागं बघितलं नाही.

बघितलं ते आरोळी आली तेव्हा. ते ज्या वाटेनं आले होते तिच्यावर, गवतात, ठिकठिकाणी जाळ उभा होता, आणि त्यातला एक चिल्हारीवर चढत होता.

पुढचं सगळं फार वेगानं झालं. माणसं धावली. पाण्याचे हंडे संपले तेव्हा बायकांनी आंबिलीच्या घागरी ओतल्या. रेणुकादासांनी, ज्यांना वाकता येत नव्हतं त्यांनी, गुडघ्यावर बसून गोणपाटानं जाळ झोडपला. अण्णाराव उघड्या हातांनी पेटत्या फांद्या ओढत होते, त्यांना भुजंगनं, त्यांच्या मुलानं, कमरेला धरून मागं खेचलं. कुपाटीतून तितर फडफडत निघाले, दोन ससे लोकांच्या पायांमधून पळाले. बंब आला तेव्हा पूर्वेकडची अर्धी कुपाटी काळी झाली होती. पश्चिमेकडची वाचली.

चंद्रप्रभाबाई हिवरापाशी उभ्या होत्या. म्हणजे जिथं हिवर होता तिथं. अण्णाराव पोळलेले हात पुढं धरून त्यांच्यासमोर गेले. 

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यात राग असता तर बरं झालं असतं.

“त्याला पळता येत नव्हतं, अण्णा,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

घरी उज्वला त्यांच्या हातांना मलम लावत होती. भुजंग बाहेर निघून गेला होता. मलम लावून झाल्यावर ती पट्टी गुंडाळू लागली.

“मामा, एक विचारू? आत्याबाई तुमच्या मागनं पाणी घेऊन का चालायच्या?”

“रीत हाय आपली.”

“रीत न्हाई, मामा.” उज्वलाचा आवाज अगदी हळू झाला. “मला सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणाल्या, हे म्होरं बगत जातेत, मागं ठिणग्या पडतेत. एकेक इझवत जावं लागतंय. ह्यांना सांगू नको, न्हाईतर हेंडगा धरायचं सोडतील. मी गेल्यावर तू चाल मागनं.”

अण्णारावांनी हात मागं घेतला, अर्धी पट्टी तशीच लोंबत राहिली.

“मला सांगितलं असतं तर मी आले असते, मामा. मी भांडी घासत व्हते.”

त्यांना लक्ष्मम्माचं लुगडं आठवलं. दर येळवसला फेरी संपली की तिचा काठ चिंब आणि चिखलानं भरलेला असायचा. “धड चालता येत न्हाई का तुला? अर्धं पाणी सांडलीस,” असं ते तिच्यावर खेकसायचे. ती उदगीरकडची, रागावली की कानडीत पुटपुटायची, पण त्या वेळी नुसती हसायची. आपण शेताभोवती आग फिरवली आणि शेत राहिलं, ते देवाच्या कृपेनं, असं अण्णाराव चाळीस वर्षं धरून चालले होते. एकदा मान वळवली असती तरी कळलं असतं. म्हातारा माणूस त्या संध्याकाळी लेकरासारखा रडला, आणि उज्वलानं त्यांना रडू दिलं.

पौषात साहेब आले. वाईट माणूस नव्हते ते. वाचलेल्या कुपाटीत त्यांनी स्वतः वाकून बघितलं, पाखरांचा कलकलाट ऐकला, येळवसचे फोटो बघितले. मग काळ्या बाजूकडं हात करून म्हणाले, “हिरवं आहे तेवढं ठेवू, मॅडम. पण इथं आता राखायला काय आहे?”

“मुळं आहेत, साहेब. फुटेल ते,” बाई म्हणाल्या.

“रस्ता तोवर थांबत नाही.”

बाई पुष्कळ भांडल्या, पण जळक्या काट्यांसाठी भांडणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? माघात जेसीबी आला. खोडं निघाली तेव्हा त्यांच्या बुडाशी खरोखरच लाल कोंब फुटलेले होते. अण्णाराव घरातून ते बघत उभे होते. दार लावून घ्यावं एवढंही त्यांना सुचलं नाही.

रविवारी ते जाईनासे झाले. फाल्गुनात एकदा मात्र ते बाईंच्या फाटकाशी गेले. बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बाई, तुमी बोलू नका. माझं तेवढं ऐका,” अण्णाराव म्हणाले. आणि त्यांनी लक्ष्मम्माचं सगळं सांगितलं, उज्वलाला काय सांगून गेली तेही. “चाळीस वरसं ती मागनं इझवत आली, आन् मला वाटलं मीच शेत राखतो. हेंडगा धरू नका म्हणून तुमी सांगितलं. मी हो म्हनलो आन् लपवून धरला. माफी मागाय न्हाई आलो. कुनाला तरी सांगायचं व्हतं.”

बाईंच्या हातातल्या झारीतलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, भरून वाहू लागलं.  अण्णाराव आल्या पावली परतले.

पावसाळ्यात उरलेली कुपाटी हिरवीगार झाली. भाद्रपदात रेणुकादासांना एक घोयरा दिसला, असं ते म्हणाले. बाई कितीतरी दिवस रोज जाऊन बघून आल्या, त्यांना काही दिसला नाही. कुपाटी संपते तिथून आता सिमेंटचा पांढरा रस्ता सुरू होत होता आणि जुन्या शिवेच्या दगडापर्यंत जात होता. लोक तिथं गाड्या लावायचे.

पुन्हा मार्गशीर्ष आला. कॉलनीनं येळवस पुन्हा कुपाटीपाशीच करायचं ठरवलं. आता ते चार जणांच्या हौसेचं राहिलं नव्हतं. कोप दुसऱ्या कुणीतरी बांधली, जराशी वाकडी झाली. अण्णाराव मुखेडची पिशवी भरून बसले होते. उज्वलानं पिशवी उचलून आत ठेवली आणि म्हणाली, “मामा, चला.” ती अशा सुरात कधी बोलत नसे. ते गेले. दिवसभर कोपीच्या मागं, लोकांच्या नजरेआड बसून राहिले. कुणी आणून दिलं ते खाल्लं. कुणीही त्यांना वावगं बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

दिवस मावळायला आला तशी गडबड आपोआप थांबली. काय राहिलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचं नाव कुणी घेईना. अण्णारावांनी उठून घराची वाट धरली.

“अण्णा.”

वर्षभरानं आलेली हाक होती. ते थबकले. चंद्रप्रभाबाई समोर उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत कडब्याची एक पेंढी होती, आणि तिच्यातून पाणी निथळत होतं. सकाळपासून हौदात बुडवून ठेवलेली असावी. बाईंची साडी पुढून भिजली होती.

“धरा,” त्या म्हणाल्या.

अण्णारावांनी पेंढी धरली. थंडगार आणि जड होती. हातावरच्या पोळल्या कातडीला ते गार पाणी सोसवत नव्हतं, तरी त्यांनी ती घट्ट धरली.

“तुम्ही पुढं चला. मागं बघू नका.”

ते चालू लागले. कुपाटीच्या कडेकडेनं, हळूहळू. पेंढी झुलेल तसं पाणी हेकळीवर, बोरीवर, वाळल्या गवतावर शिंपडत होतं. गजर त्यांच्या तोंडून निघेना. तो रेणुकादासांनी सुरू केला, चुकीच्या चालीत. मग बाकीच्यांनी उचलला. आतून एक तितर ओरडला आणि गप्प झाला.

कुपाटी संपली. समोर सिमेंटचा रस्ता होता. अण्णाराव तिथं उभे राहिले. इथून पुढं फिरायला काही नव्हतं, आणि ते कुणामुळं नव्हतं हे मागच्या सगळ्यांना माहीत होतं.  वाटलं, इथंच पेंढी ठेवावी आणि जावं.

मग त्यांनी एक पाय उचलला. तो हवेत जरासा थांबला. मग तो रस्त्यावर पडला आणि त्यामागं दुसराही पडला. ते हिवराच्या जागेवरून गेले, चिल्हारीच्या जागेवरून गेले. पेंढीतलं पाणी पांढऱ्या सिमेंटवर पडत होतं आणि काळे ठिपके उमटत होते. गजर केव्हाच थांबला होता. लोक मागंच राहिले की काय, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. पावलांचा, दोन बायकांच्या, आणि भरल्या बिंदग्यातून ओंजळ ओंजळ पाणी जमिनीवर पडत असल्याचा. विझवायला तर काहीच नव्हतं. तरी त्या शिंपत येत होत्या.

अण्णारावांनी मागं वळून बघितलं नाही. शिवेचा दगड येईपर्यंत ते चालत राहिले.